उत्तर चुकत नसतं, ताई!

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गांगुर्डे सर पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, "सर, गरम आणि गोड चहा चालेल ना?" बस्स, एवढंच! सरांनी सोफ्यावर टेकता टेकता हात वर केला.

"ताई, यात दोन प्रश्न आहेत. गरम हवा पण गोड नको असेल, तर माणसानं हो म्हणायचं की नाही? शिवाय 'चालेल ना' म्हणून तुम्ही उत्तर आधीच माझ्या तोंडात घातलंत."

आता चहाच घालते तोंडात, असं मी म्हटलं. अर्थात मनात.

सर इथल्याच एका कॉलेजात संशोधनासाठी प्रश्नावली कशी तयार करायची ते शिकवत. सर रिटायर झाले, प्रश्नावली काही झाली नाही. भाजीबाजारात ते "मेथी ताजी आहे का?" असं मेले तरी विचारणार नाहीत. "नाही कोण म्हणेल हो?" ते विचारतात, "ही मेथी शेतातून कधी निघाली?" भाजीवाली वैतागते. "बाबा, मेथी न्यायचीय का तिची सोयरीक जुळवायचीय?"

आमच्या सोसायटीच्या चेअरमनना एकदा सर्वेक्षणाची हौस आली. त्यांनी प्रश्न काढला: पाणीपुरवठ्याबद्दल आपण खूप समाधानी, समाधानी की बऱ्यापैकी समाधानी? सर कागद घेऊन तरातरा खाली गेले. "असमाधानी माणसानं राहायचं कुठे? पार्किंगमध्ये?" मग सरांनी स्वतः प्रश्न लिहिला आणि तो आधी वॉचमनवर, मग माझ्या सासूबाईंवर आणि शेवटी माझ्यावर तपासून पाहिला. तपासल्याशिवाय प्रश्न बाहेर सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. प्रश्न साधाच होता: गेल्या आठवड्यात पाणी साठवून ठेवावं लागलं का, आणि कोणत्या दिवशी? तेव्हा कुठे कळलं की वरच्या मजल्यावर पाणी चढतच नव्हतं. तिथल्या बिचाऱ्यांनी चेअरमनना वाईट वाटू नये म्हणून 'समाधानी'वर खूण केली होती.

"खोटं बोलले की हो ते!" मी म्हटलं.

"उत्तर कधी चुकत नसतं, ताई. चुकतो तो प्रश्न." हे त्यांचं पालुपद.

या माणसाबरोबर संसार कसा केलात, असं मी नलूकाकूंना विचारलं होतं. काकू नांदगावच्या. पदर तोंडाला लावून हसल्या. "बघायला आले तव्हा समदे मला इचारत होते, पोरगा पसंत हाय ना? ह्यांनी समद्यांना भाईर काढलं आन् म्हनले, तुम्हाला काय वाटतं? आन् गप बसून राह्यले. मला तसं कुनी कधी इचारलंच नव्हतं."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगते! रडूच आलं. तेच उत्तर धरलं ह्यांनी."

हे मला सांगणाऱ्या काकू पुढे विसरायला लागल्या. आमटीत मीठ दोनदा पडायचं, दूध गॅसवरच राहायचं. सर म्हणायचे, वय झालं. मग एक दिवस काकू आपल्याच दाराशी उभ्या राहून मला विचारायला लागल्या, हे घर कुनाचं? त्या दिवशी मीच दोघांना गाडीत घातलं आणि कायम ट्रॅफिकनं तुंबलेल्या द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"प्रश्नच चुकीचा आहे," सर उसळले. "रिटायर माणसाच्या घरात वार लागतो कशाला?"

"बरं. आपण आत्ता कुठे आलोय?"

"गर्दीत," काकू म्हणाल्या.

"बघा! द्वारकेला याहून नेमकं उत्तर आहे का?" सर माझ्याकडे वळून म्हणाले. मला हसू आलं, डॉक्टरांनाही आलं. सरांच्या कपाळावर मात्र घाम होता. एकेका प्रश्नाशी भांडून ते बायकोला पास करायला बघत होते.

मग डॉक्टरांनी सरांकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

काकूंनी सरांना नीट न्याहाळलं. "सर हायेत," त्या म्हणाल्या. "लय प्रश्न इचारतात."

जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई! मी सरांकडे पाहिलं. म्हटलं, आता काढतील या प्रश्नात खोट. काढा ना हो, सर! पण त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर शिरा घेऊन समोर गेले. दार उघडंच होतं. काकू गॅलरीत खुर्चीवर होत्या आणि सर पुढ्यात स्टुलावर.

"नलू, हे आपलंच घर आहे ना?"

"हो."

"आणि चहा गोड झालाय ना?"

"हो."

मला राहवलं नाही. "सर, उत्तरं तुम्हीच तोंडात घालताय की!"

"घालतोय," सर मागे न बघता म्हणाले. "तिला काल फार घाबरवलं हो त्या प्रश्नांनी. आता चुकेल असं काही मी विचारणार नाही."

मग त्यांनी काकूंचा हात हातात घेतला, आणि इतक्या वर्षांपूर्वी सगळ्यांना बाहेर काढून जो टाळला होता, तोच प्रश्न विचारला.

"नलू, मी पसंत आहे ना तुला?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी शिऱ्याची वाटी धरून तशीच उभी.

"हाय की," काकू म्हणाल्या, आणि लाजल्या.