सहावी कडी

संस्थेतली माणसं जसजशी कमी होतात, तसतसे तिचे नियम अधिक काटेकोरपणे पाळले जातात. कारण नियम मोडायलाही पुरेशी माणसं लागतात. विस्कॉन्सिनातल्या आमच्या हेगन फॉल्स गावच्या निष्ठावंत साळिंदर बंधुमंडळात गेल्या तीस वर्षांत एकही नियम मोडलेला नाही. याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे.

एके काळी मंडळात तीनशेवर बंधू होते. परवापरवापर्यंत सात होते. पदं मात्र अकराच्या अकरा आहेत, कारण ती घटनेत आहेत. मी चिटणीस, खजिनदार आणि धर्मोपदेशक असल्यामुळे सभेच्या सुरुवातीला मला स्वतःलाच दोनदा अभिवादन करावं लागतं. बंधू आर्विड बाहेरचा द्वारपाल आहे आणि आतलाही. तो बाहेरून दार वाजवतो, आत येऊन गुप्त शब्द विचारतो आणि पुन्हा बाहेर जाऊन तो सांगतो. गेल्या हिवाळ्यात त्याला शब्दच आठवेना. त्यानं स्वतःला प्रवेश नाकारला आणि सभा संपेपर्यंत गाडीत कुडकुडत बसला. (अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर. आर्विड गैरहजर.)

माझं वय एकाहत्तर. मंडळाची युवा शाखा म्हणजे मीच. पायऱ्यांवरचा बर्फ काढायचं काम म्हणूनच माझ्याकडे असतं.

नवे सदस्य का येत नाहीत, हे आम्हाला खरोखर कोडंच आहे. आम्ही कशात कमी पडलो असं नाही. साळिंदर पाठ करून उभं राहतं ते काटे दाखवायला. त्यावरून आमच्यात पाठ फिरवणं हा सर्वोच्च नमस्कार आहे. कुणी नवखा माणूस चौकशीला आला की आम्ही सगळे उठतो आणि त्याच्याकडे पाठ करून स्तब्ध उभे राहतो. पुन्हा वळतो तेव्हा बहुधा तो गेलेला असतो. दारावर आम्ही पाटीही लावली: 'आत काय चालतं ते सांगता येत नाही. अवश्य या.' तरुणांसाठी वायफाय आणलं आणि पासवर्ड म्हणून मंडळाचा गुप्त शब्दच ठेवला, त्यामुळे तो कुणालाच सांगता येईना. शुक्रवारी खालच्या दालनात तळलेल्या माशाचं जेवण असतं, त्याला मात्र अख्खं गाव लोटतं. मासा सगळ्यांना हवा, बंधुत्व फुकट दिलं तरी नको!

आता मुद्द्याचं. आमच्या घटनेत एक कलम आहे. बंधू वारला की त्याची शवपेटी सहा बंधूंनी उचलायची. पेटीला सहा कड्या, प्रत्येक कडीला एक बंधू, आणि परक्याचा हात लागता कामा नये. आम्ही सात होतो तोवर हिशेब सोपा होता: जो पहिला जाईल त्याची चंगळ, बाकीच्यांनी आपापलं बघावं. त्यामुळे एकमेकांच्या तब्येतीची आम्ही मनापासून चौकशी करत असू. मग बंधू वेंडेल गुडघ्यांना थंडी सोसत नाही म्हणून लेकीकडे ॲरिझोनाला गेला आणि आम्ही सहा उरलो. सहातला एक पेटीत असणार म्हटल्यावर बाहेर राहणार पाच.

नेमका त्याच महिन्यात आमचे महासाळिंदर, म्हणजे अध्यक्ष, बंधू डेल्मार क्रोनिंग, वय अठ्ठ्याऐंशी, यांना डॉक्टरनं सांगितलं की पुढला नाताळ दिसला तर नशीब समजा.

"मरायचं काय, सगळेच मरतात," डेल्मार म्हणाला. "पण त्या चाकाच्या गाड्यावर घालून ढकलत नेऊ नका रे मला, किराणा न्यावा तसं. माझ्या बापाला सहा जणांनी नेलंय."

एवढं बोलून त्यानं ब्रँडी संपवली आणि कुणाकडेच बघितलं नाही. आम्हीही आपापल्या साळिंदरी टोप्यांचे काटे सरळ करत बसलो.

आणि देव पावला. एका शुक्रवारी माशाच्या जेवणाला फेंग थाओ डेल्मारच्या टेबलापाशी आला. फेंग हा लाओसमधून येऊन आमच्या गावात स्थायिक झालेल्या ह्मोंग लोकांपैकी; गिअरबॉक्स दुरुस्तीचं गॅरेज चालवतो, वय एकोणचाळीस, खांदे दारात मावणार नाहीत असे.

"आजोबा, वर काय चालतं हो तुमचं?"

"सांगता येत नाही."

"बरं. मग मी आलो तर चालेल का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डेल्मारच्या हातातला काटा बशीत पडला.

"तुला कशाला यायचंय रे बाबा?"

"मागल्या महिन्यात चर्चपाशी बघितलं मी. गावातल्या कुणाची तरी पेटी उचलायला माणसं नव्हती, अंत्यविधीवाल्याचे नोकर लागले. आमच्यात कुणी गेलं की चार-चार दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. म्हटलं, एक खांदा आपला."

डेल्मार उठला आणि फेंगकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, ते फेंगला दिसले नाहीत.

मग रीतसर कारवाई सुरू झाली. चौकशी समिती फेंगच्या घरी गेली. तिचा अहवाल असा: 'उमेदवार सज्जन. सूप उत्तम. दोन तासांत चौदा नातलग येऊन गेले. त्यांतल्या तिघांनी आमच्या गाडीवरचा मोसमातला पहिला बर्फ न सांगता काढला. उमेदवाराला बंधुत्वाची गरज असल्याचा पुरावा आढळला नाही.' तरीही मोठ्या मनानं शिफारस करण्यात आली.

मतदान आमच्याकडे गोळ्यांनी होतं. लाकडी पेटीत हात घालायचा; पसंत असेल तर पांढरी गोळी टाकायची, नसेल तर काळी. एक जरी काळी निघाली तरी उमेदवार बाद, पुन्हा मतदान सहा महिन्यांनी. (पूर्वी ते आठवड्यानं होई. अर्ज फार येऊ लागले तेव्हा मुदत वाढवली. अर्ज थांबले तेव्हा ती कमी करायचं कुणाला सुचलं नाही.)

पेटी उघडली. पाच पांढऱ्या, एक काळी.

"कुणाचा गाढवपणा हा?" बंधू लव्हर्न ओरडला. "बऱ्या बोलानं सांगा!"

"मी टाकली," डेल्मार म्हणाला.

"तू? अरे लेका, आधी तुलाच लागणार आहेत ना माणसं?"

"पहिल्या फेरीला एक काळी टाकायची महासाळिंदरांची रीतच आहे. माझ्या बापानंही टाकली, मीही साठ वर्षं टाकतोय. उमेदवाराला वाटायला नको की हे लोक आपली वाटच बघत बसलेत."

"पण आपण वाटच बघत बसलोय रे!"

"म्हणूनच," डेल्मार म्हणाला.

त्याचं बरोबरच होतं. फेंगला कळवलं की सहा महिन्यांनी या. तो म्हणाला, "हरकत नाही, शुक्रवारी येतोच आहे मी."

डेल्मार चौथ्या महिन्यात गेला.

दफनाच्या दिवशी आम्ही पाच म्हातारे पेटीपाशी उभे राहिलो. डावीकडची मागची कडी मोकळी होती. फेंग काळा सूट घालून आला होता. त्याच्यामागे त्याचे काका, मामा, भाऊ, मेहुणे. दफनभूमीत एवढी गर्दी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"काका, धरू का?" त्यानं मला विचारलं.

मी चिटणीस आहे. मी म्हणालो, "कलमात बसत नाही."

आम्ही उचलली. ती मागच्या कोपऱ्याला कलली. फेंग त्या कोपऱ्याशी वाकून चालू लागला, तळहात पेटीच्या खाली उताणा धरून. स्पर्श नाही, मध्ये बोटभर जागा. आर्विड दोनदा घसरला, लव्हर्नला दम लागला, आम्ही तीन ठिकाणी टेकलो. तो हात शेवटपर्यंत तिथंच होता. खड्ड्यापाशी आम्ही डेल्मारकडे पाठ करून उभे राहिलो, तर फेंगही वळला, आणि त्याचे सगळे काका-मामाही. मला रडू आवरेना. मग घरी येऊन मी इतिवृत्तात लिहिलं, 'परक्याचा हात लागला नाही. सर्व काही नियमाप्रमाणे.'

सहा महिने पुरे झाले तेव्हा फेंग आला. पण घटनेप्रमाणे मतदानाला किमान सहा बंधू लागतात आणि आम्ही पाच आहोत, त्यामुळे त्याला आता कधीच घेता येणार नाही. त्यानं मान डोलावली आणि जाता जाता पायऱ्यांवरचा उरलासुरला बर्फ काढला.

तुम्ही म्हणाल, काय एकेक वेडे लोक असतात! खुशाल म्हणा. मग हे वाचून मिटलं की तुमची पेटी उचलतील अशी सहा नावं बोटांवर मोजून बघा. मात्र ज्यांना तुम्ही कधी काळी 'पुढं बघू' म्हणालात, ती धरू नका. पाचावर अडलात तर आमच्याकडे या. जागा पुष्कळ आहेत. आम्ही तुमच्याकडे पाठ करून उभे राहू.