बंद घरांचे धाकूआबा

धाकूआबा कुलूप लावलेल्या घराचंसुद्धा दार आधी वाजवतात. आत कोणी नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं, कारण किल्ली त्यांच्याच कमरेला असते. तरी दोनदा टकटक, एक खोकला, मग "येतो हां," आणि मग किल्ली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. दोन वर्षं झाली. आता मीही खोकतो.

मी जत भागातला. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इकडं रत्नागिरीला, चिऱ्याच्या खाणीवर दगड कापायच्या मशीनवर आलो. खाणीजवळच्या या वाडीत बावीस घरं. टाईल्स, ग्रील, वर पाण्याची टाकी, सगळं मुंबईच्या पगारातून झालेलं. चूल मात्र सहाच घरांत पेटते. बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. आणि आम्ही खाणीवरची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये उकडून निघायचो. भाडं देतो म्हटलं तर जो तो म्हणे, "नको बाबा, कूळ लागेल." म्हणजे आज राहायला दिलं की उद्या मीच मालक म्हणून कागद नाचवणार! आठवी नापास माणसाला एवढं कोणी कधी घाबरलं नव्हतं.

यावर तोड काढली ती आबांनी. बंद घरांची देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी मुंबईला एकेकाला फोन लावला. "पोरगा घाटी हाय, पन दारू पीत नाय. म्हयनाभर ऱ्हावंदे. म्हयन्यात कूळ लागत नाय." हा कायदा त्यांना कोणी सांगितला देव जाणे, पण मुंबईकरांना पटला. तेव्हापासून दर महिन्याला माझं घर बदलायचं. एक तारखेला आबा दारात हजर. "चल, उचल बोचकं. आता खालच्या घराची पाळी."

पाळी म्हणजे काय, तर आबांच्या मते घर म्हणजे म्हैस. "रोज धार नाय काढलीस तर आटते." मी त्या म्हशींवर ठेवलेला गडी. चूल पेटवायची, नळ सोडायचे, खिडक्या उघडायच्या. आबांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक किल्लीला त्या त्या घरच्या बाईच्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली. ठिपक्यांची चिंधी म्हणजे वरचं घर, जांभळी म्हणजे देवळाजवळचं. मालकांना फोनवर तब्येत कळवायची तीही आबांनीच. "बरं हाय तुजं घर. मागच्या भिताडाला जरा सर्दी झालेय. नाय रे, घाबरू नको, कौल बदलला."

त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण खरं सांगतो, त्या चकचकीत घरांत मला धड झोप लागली नाही. फरशी फुटेल म्हणून मी तांब्यासुद्धा हळू ठेवायचो. भिंतीला कधी खिळा मारला नाही. बोचक्याची गाठ पुरती सोडलीच नाही.

आबांचं स्वतःचं घर विहिरीजवळ. चांगलं तीन खणांचं, चिऱ्याचं. त्यालाही कुलूप. बायको वारली, मुलगा गुजरातला कंपनीत गेला तो तिकडचाच झाला, आणि आबा मागच्या गोठ्यात राहायला गेले. मी एकदा चेष्टेत विचारलं, "आबा, तुमच्या म्हशीची धार कोण काढतं?"

"ती भाकड," म्हणाले आणि पुढं चालू लागले.

यंदा पोरगी पहिलीला जायची झाली. बायको, शालन, गावाकडनं फोनवर म्हणाली, "एक घर दावा, लगेच येते. दर म्हैन्याला पोरीला घेऊन कुठं हिंडू? शाळंत पत्ता काय सांगू, चिंधीचा रंग?" तिचं बरोबर होतं. पण गावाकडं काम नव्हतं आणि इथं घर नव्हतं. आठ दिवस घास गोड लागला नाही. शेवटी आबांना सांगितलं, "मी जातो परत."

"जा मेल्या," आबा म्हणाले. "सोळा घरां बंद पडलेली हायत आनि ह्याला घर मिळत नाय!" जणू माझाच गुन्हा. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाणीवर आले आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात एक किल्ली कोंबली. तिला चिंधी नव्हती.

"आबा, तुमचं घर? आणि कूळ लागलं तर?"

"लागूंदे," आबा म्हणाले. "लागूंदे की!"

शालन आली. पोरीचं नाव शाळेत घातलं. आबा गोठ्यातच राहिले. अंगणात यायचे, झाडलोट करायचे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. चहासुद्धा पायरीवरच.

एका रविवारी सकाळी आमची जुंपली. शालनला जोंधळ्याच्या भाकरीची सवय, आणि मी आणलेलं तांदळाचं पीठ. "ही भाकरी हाय का रांगोळी? हात लावला की मोडती!" ती. "मग जरा शीक की," मी. आवाज चढले. बघतो तर आबा अंगणात हातात केरसुणी घेऊन उभे. मी वरमलो. "चुकलो आबा, तुमच्या घरात आवाज केला."

"गप का ऱ्हायलात?" आबा म्हणाले. "भांडा की. सात वरसां झाली, ह्या घरात कोन वरडलां नाय." आणि आमच्याकडं पाठ करून पायरीवर बसले.

शालन माझ्यापेक्षा हुशार. तिनं आवाज आणखी चढवला, "तुमीच सांगा आबा, चूक कुनाची?"

"ह्याचीच," आबा मागं न बघता म्हणाले. मग उठले, चपला काढल्या आणि आत आले. "तांदळाचां पीठ गरम पान्यात उकडून मळतत गो बाय. सरक."

स्वयंपाकघरात त्यांचा हात न बघताच वरच्या फळीकडं गेला. फळी रिकामी होती. हात तिथंच थांबला.

शालननं आपली परात त्यांच्या पुढ्यात ठेवली.