दारावरचा लाल दिवा

माणसाचा जीव जितका मोलाचा, तितकी तो वाचवणारी खोली मोठी असावी, हे वैद्यकशास्त्राला अजून पटलेलं नसलं तरी नातेवाइकांना ते उपजतच ठाऊक असतं.

शिवणकाम करणाऱ्या वहिनींच्या हातांच्या शिरांनी पहिल्याच केमोनंतर संप पुकारला. डॉक्टरीणबाईंनी पोर्ट सुचवला. कोटाच्या बटणाएवढी डबी गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवायची, तिची नळी मोठ्या शिरेत. पुढची औषधं तिच्यातून. (बटणाला छिद्रं किती, असं वहिनींनी विचारलं. एकही नाही म्हटल्यावर त्यांना ते काम जरा कच्चं वाटलं.)

हे तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत परवाच होणार होतं. वहिनींच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, जाऊन खोली पाहिली आणि हादरून परत आले.

"वहिनी, अहो, दाराला साधी कडी आहे!"

वरचं ऑपरेशन थिएटर मात्र त्यांच्या मनात भरलं. दुहेरी दारं, वर लाल दिवा, आणि तारीख थेट महिन्यानंतरची. म्हणजे चांगलंच असणार. (लगेच टेबल मिळणाऱ्या हॉटेलातही भाऊजी जात नसत.)

"माणसं तीच, हत्यारं तशीच निर्जंतुक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतुसंसर्गाचा धोका दोन्हीकडे सारखाच कमी. खरा धोका थांबण्यात आहे."

"मग खाली लाल दिवा का नाही?"



"भाऊजी, गाठ माझी आहे. तिला तुमच्या तारखा कळतात होय?" वहिनी म्हणाल्या. "मी जिन्याखाली बसून शिवते, म्हणून कुणाचं उसवलंय का?"

तरीही घराने एकमताने (वहिनी वगळून) थांबायचं ठरवलं.

अशी घरं बरीच असल्याने व्यवस्थापनाने तातडीने उपाययोजना केली. खालच्या खोलीला दुहेरी दारं आली, 'ऑपरेशन थिएटर क्रमांक चार' अशी पाटी आली, बाहेर पाठ नसलेलं बाकडं आलं, आणि लाल दिवाही. जंतुसंसर्गाचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. नातेवाइकांचं समाधान मात्र शंभर टक्क्यांनी वाढलं.

"आता कसं!" भाऊजी म्हणाले, आणि त्याच आठवड्यात वहिनी आत गेल्या. जागा बधिर केलेली, वहिनी टक्क जाग्या.

"टाके बारीक घाला हं बाई," एवढंच त्या बोलल्या.

दिव्याचं बटण बाहेर, वॉचमनच्या खुर्चीमागे होतं. तो चहा घेऊन परतला आणि त्याने ते दाबलं, तेव्हा आत वहिनी उठून गाऊनच्या नाड्या बांधत होत्या. बाहेर भाऊजी दिव्याकडे बघून हात जोडून उभे राहिले.

वाचकांनी भाऊजींना खुशाल हसावं. फक्त एवढं सांगावं, की मागे एका डॉक्टरांनी गेल्या गेल्या आत बोलावलं, तेव्हा "यांच्याकडे गर्दी कशी नाही?" म्हणून दुसरा डॉक्टर कुणी शोधला होता?