डावा कान, उजवा कान

आमच्या जळकोटच्या गोदाआत्या शर्टाचं माप घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतात, “लगीन झालंय का?” नवखा माणूस बिचकतो. त्याला वाटतं, बाईंच्या पाहण्यात एखादी पोरगी आहे.

आत्या आमच्या शेजारच्या, पण अख्खी गल्ली त्यांना आत्याच म्हणते. नवरा गेला तेव्हापासून शिलाई मशीन हाच त्यांचा संसार. ब्लाउज आणि परकर शिवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. मग एकदा सोलापूरहून त्यांनी कापडाचा तागा आणला. भाकरीएवढाली तांबडी जास्वंदं, मधून वाकडी झाडं. दुकानदार ‘हवाई प्रिंट’ म्हणाला होता. आत्यांनी सगळा तागा उलगडून त्यात विमान शोधलं.

“दत्ता, ह्यात इमान कुठंच न्हाय की रं! फसवलं व्हय मला?”

माझ्या लेकीनं, पल्लवीनं, मोबाइलवर दाखवलं, की हवाई नावाची बेटं आहेत, लांब समुद्रात. तिथं बाप्येसुद्धा फुलाफुलांचे शर्ट घालतात, कानामागं फूल खोवतात. डाव्या कानामागं असलं तर लग्न झालेलं, उजव्या असलं तर माणूस मोकळं.

“म्हाताऱ्या बायाबी खोवत्यात? आन् कुणी काय बोलत न्हाय?” आत्यांनी तो व्हिडिओ परत लावायला लावला.

लोक म्हणाले, आत्याच्या डोक्यात हवा गेली. हवा कसली, अख्खं हवाईच गेलं होतं! दूधवाला जास्वंदीत, ढाबेवाला जास्वंदीत. झाडं कसली म्हणून कुणी विचारलं, तर “वढ्याकडच्या शिंद्या समज!” तागा संपला तेव्हा त्यांनी साध्या कापडावर रंगीत चिंध्यांतून करडईची फुलं कापून लावली. “तिथं करडई असती तर त्यांनीबी हीच लावली असती!” खिशावरचं अर्धं फूल शर्टावरच्या अर्ध्या फुलाशी असं जुळवायच्या, की खिसा दिसायचाच नाही. मी किराणा दुकानात चार माणसांसमोर स्वतःची छाती चाचपत उभा राहिलोय. तक्रार केली, तर म्हणाल्या, “खिसा घावला न्हाय तर चालंल, फूल मोडायचं न्हाय!” वर प्रत्येक शर्टाबरोबर चिंध्यांचं एक फूल फुकट. लग्नाची चौकशी त्यासाठीच, कान सांगायला.

पल्लवीचं लग्न ठरलं आणि तिनं जाहीर केलं, हळद हवाई होणार! आत्यांच्या अंगात वारंच शिरलं. गल्लीभर मशीनची खडखड. मला पोपटी शर्ट, सोयऱ्यांना केशरी. पल्लवीची अट एकच होती: आत्यांच्या कानामागं फूल लागल्याशिवाय ती हळदीच्या पाटावर बसणार नव्हती. नवरा गेल्यापासून आत्यांनी केसांत मोगऱ्याची कळीही माळली नव्हती, आणि हळदीला त्या आपणहून लांब राहायच्या.

हळदीच्या दिवशी मांडव नुसता फुलला होता. आत्या मात्र नेहमीच्या करड्या साडीत बाहेरच्या खांबाला टेकून उभ्या. तिथूनच ओरडल्या, “दत्ता, कान चुकला! बायको हाय न्हवं तुला?” मी घाईनं फूल डावीकडं घेतलं.

पल्लवी पाटावर न बसता परड्यातलं खरंखुरं तांबडं जास्वंद घेऊन त्यांच्याकडं गेली. आत्या मागं सरकल्या. “अगं येडे, लोक काय म्हणतील?”

“हवाईत कुणी काही म्हणत नाही. तुम्हीच बघितलंय.”

ढोलकी थांबली. व्याह्यांकडच्या बायका बघायला लागल्या. पल्लवीनं आत्यांच्याच नियमानं फूल त्यांच्या उजव्या कानाकडं नेलं. आत्यांनी तिचं मनगट धरलं. आता नको म्हणणार, असंच मला वाटलं.

त्यांनी फूल हातात घेतलं, आणि हळूच डाव्या कानामागं खोवलं.

“उजवा मोकळ्या माणसांचा,” आत्या म्हणाल्या. “माझं लगीन झालेलं हाय की गं.”