भाजणाऱ्याला टाळ्या

कोणताही समाज किती पुढारलेला आहे हे तो कोणासाठी टाळ्या वाजवतो यावरून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. या कसोटीवर आमचं मिनास गाव जगात फार वर लागेल. एप्रिल लागून (आमच्या दक्षिण गोलार्धात पानगळ तेव्हाच येते) चिनारांची पानं गळू लागली, की दर रविवारी दुपारी गावातल्या एकेका परसातून टाळ्यांचा कडकडाट ऐकू येतो. नवख्या माणसाला वाटेल, कुणाचं तरी भाषण संपलं. तसं काही नसतं. बरगड्या भाजून झालेल्या असतात.

पद्धत अशी. परसात विटांचं चुलाण, त्यावर लोखंडी जाळी, जाळीखाली निखारे आणि जाळीसमोर घरातला कर्ता पुरुष. मांस ताटात पडलं, की हजर मंडळींपैकी वडीलधाऱ्याने 'भाजणाऱ्याला टाळ्या' असं पुकारायचं आणि सगळ्यांनी वाजवायच्या. आमच्याकडे भाजणारा म्हणजे माझा मेहुणा एवारिस्तो आणि पुकारणारा मी. त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या पानगळीपासून एकही रविवार टाळ्यांविना गेला नव्हता. (मध्ये एकदा सगळं जळून कोळसा झालं होतं. त्या दिवशी टाळ्या जरा जास्तच वाजल्या.)

एवारिस्तोच्या कामाचा व्याप मोठा आहे. निखाऱ्यांकडे बघणे. एखादा निखारा चिमट्याने डावीकडे सारणे. आपला पेला रिकामा झाल्याचं इतरांच्या निदर्शनास आणणे. कुणी 'झालं का' विचारलं, की 'अजून' म्हणणे. हे एकट्याला झेपण्यासारखं नाही, म्हणून मी आणि त्याचा जावई ग्वालबेर्तो सल्लागार या नात्याने दोन बाजूंना उभे असतो. मी वाऱ्याची दिशा सांगतो. ग्वालबेर्तो ती नाकारतो. बाकीची किरकोळ कामं, म्हणजे मांस आणणे, साफ करणे, कोशिंबिरी, बटाटे, चटणी, टेबल, पोरांची भांडणं आणि शेवटी ढीगभर भांडी, ही माझी धाकटी बहीण नेलिदा, म्हणजे एवारिस्तोची बायको, मधल्या वेळात उरकते. (नेमकी केव्हा, ते सांगता येणार नाही. आम्ही कामात असतो.)

तर यंदा या नेलिदाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. पानगळीतला पाऊस पडून गेला, की निलगिरीच्या रानात अळंबी उगवतात. हंगाम अगदी थोडा. लहानपणी तिच्याइतकी अळंबी आमच्या घरात कुणालाच सापडत नसत. टोपली घेऊन ती कुत्र्यासारखी पुढे पळायची आणि हाका मारून आमचे घसे बसायचे. लग्नानंतर मात्र ती एकदाही रानात गेली नव्हती, कारण रानात जायचं ते रविवारी, आणि रविवारी आमचं भाजणं असतं. ही अडचण इतकी रास्त होती, की त्यावर कधी कुणी चर्चाही केली नव्हती.

गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "या रविवारी मी आणि शेजारीण झुल्मा रानात जाणार. मांस आणून ठेवते. बाकीचं तुझं तू बघ."

एवारिस्तोला हसू आलं. "बाकीचं असतंय काय? भाजतो तर मीच ना?"

"हो ना," नेलिदा म्हणाली.

तिचा हा 'हो ना' मी लहानपणापासून ओळखतो. पण सल्लागाराने विचारल्याखेरीज बोलू नये, असा संकेत आहे.

रविवार उजाडला. निखारे असे फुलले होते, की बघत राहावं. मुलगी, नातवंडं, पाहुणे, सगळे जमले. एवारिस्तोने बरगड्या जाळीवर मांडल्या आणि मागे न बघता उजवा हात पाठीमागे पसरला, तळवा वर. हात तसाच राहिला. आजवर दर रविवारी या टप्प्यावर त्या तळव्यात जाडं मीठ येत असे. धूर जसा आपोआप येतो, तसंच मीठही येतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"मीठ," एवारिस्तो म्हणाला. मी ते ग्वालबेर्तोला कळवलं. ग्वालबेर्तोने ते स्वयंपाकघराला कळवलं. स्वयंपाकघर रिकामं होतं.

मग शोधकार्य सुरू झालं. वाढदिवसाच्या मेणबत्त्या मिळाल्या, एवारिस्तोचा हरवलेला चष्मा मिळाला, साखर तर तीन ठिकाणी मिळाली. पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, आई देते ना दरवेळी. शेजारी मागायला गेलो, तर शेजारी स्वतःच फाटकात उभा, तळवा वर. झुल्माने गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना रानात नेलं होतं. घटकाभरात रस्त्यावर पुरुषांची सभाच भरली, प्रत्येकाचा उजवा हात पुढे, जणू मिरवणूक भीक मागायला निघाली आहे. कुणी म्हणालं, समुद्रावर गाडी पाठवा. कुणी म्हणालं, घाम चालेल का. रानात फोन लागत नव्हता. लागला असता, तरी कुणी उचलला नसता असं मला वाटतं.

शेवटी अळणीच ताटं वाढली. सगळे नुसते चावत होते. एवारिस्तो चिमटा धरून जाळीपाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत मी त्याला असं ताटकळताना पाहिलं नव्हतं. मला भडभडून आलं. उठलो, तोंड उघडलं, पण तोंडात बरगडी होती आणि ती मला खोटं बोलू देईना. तसाच खाली बसलो. एवारिस्तोने एक निखारा डावीकडे सारला. मग तोच उजवीकडे सारला.

उन्हं कलता कलता नेलिदा आली. टोपली शिगोशीग भरलेली, गुडघ्यांना चिखल, केसांत निलगिरीचं पान आणि तोंडाने गुणगुणणं चालू. तिने एक तुकडा उचलला, चावला, आणि एवारिस्तोच्या उजव्या कानाजवळून हात नेऊन चुलाणावरच्या फळीवरचा लाल डबा काढला. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'मीठ' असं लिहिलेलं होतं. अक्षर एवारिस्तोचं होतं.

चिमूटभर टाकून तिने उरलेला तुकडा संपवला. "भाजलंय झकास," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी आम्ही पलीकडच्या डोंगरात जातोय. तोवर भांड्यांचा साबण शोधून ठेवा. दादा, तूसुद्धा."

मी ताडकन उठलो आणि टाळ्या पुकारल्या. कुणासाठी ते सांगायचं गडबडीत राहून गेलं. कडकडाट झाला. एवारिस्तोने वाकून अभिवादन केलं.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. असली माणसं आमच्या मिनासमध्येच निपजतात, तुमच्याकडे नाहीत. तेव्हा आता सहज म्हणून उठा आणि आपल्या घरातलं जाडं मीठ कुठे असतं, तेवढं बघून या. हाक मारायची नाही. ती अळंबी वेचायला गेली आहे.