परीक्षेचे पेशंट

पहिल्या भेटीत माणसं नमस्कार करतात, नाव सांगतात, गाव विचारतात. रघोत्तमरावांनी माझा हात धरला आणि सरळ स्वतःच्या छातीवर दाबला. सकाळी सहाची वेळ, नळाला बादल्यांची रांग, माझ्या तोंडात दंतमंजन, आणि समोर हे पन्नाशीचे, उघडेबंब, कपाळाला गोपीचंदन लावलेले गृहस्थ मला विचारत होते, "लागतें का कांहीं?"

लागत होतं. मांजर घुरघुरावं तसं तळहाताखाली काहीतरी थरथरत होतं. मी दचकून हात काढून घेतला.

"भिऊं नका, तंबी. जन्मापासून आहे. हृदयास भोंक. पोर वीस वर्षें पुरी करणार नाहीं, असं तंजावरच्या डॉक्टरानें आईस सांगितलं. मी रघोत्तमराव, खोली नंबर सात. तुम्ही डॉक्टर आहांत असं ऐकलों."

मी डॉक्टर होतोही आणि नव्हतोही. वडील रत्नागिरीहून रंगूनला लाकडाच्या वखारीत नोकरीला गेले, मी तिथंच शिकलो, आणि ते सगळं सोडून आम्ही घरचे सगळे जहाजानं मद्रासला उतरलो तेव्हा कळलं की तिथली पदवी इथं चालायची नाही. रोग्याला औषध लिहून द्यायचं असेल तर परवान्याची परीक्षा द्या. आईवडील आणि बहीण गावी काकांच्या घरी आश्रितासारखे राहिले, आणि मी मद्रासेतच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. सकाळी आठ ते एक आणि दुपारी चार ते आठ दुसऱ्या डॉक्टरनं लिहिलेली औषधं बाटल्यांत भरायची आणि बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची. राहायला एका मॅन्शनमध्ये खोली घेतली होती. नाव मॅन्शन, आत सगळ्या सड्या पुरुषांच्या कोंदट खोल्या. परीक्षेला दोनदाच बसता येत होतं. एकदा बसून मी नापास झालो होतो.

रघोत्तमराव विमा कचेरीत कारकून होते. जन्मभर लोकांचे विमे उतरवले, पण त्यांचा स्वतःचा विमा त्यांच्याच कचेरीनं नाकारला होता. ह्याचा त्यांना राग नव्हता, उलट अभिमानच होता. "मजसारखा धोका साहेबानें अख्ख्या मद्रासेत पाहिला नाहीं," असं ते सांगायचे. लग्न केलं नव्हतं. छत्रीसुद्धा घेतली नव्हती, पाऊस आला की माझी न्यायचे. "माझ्या मागें उरेल असं कांहीं घेऊं नये," हे वर. त्यांचं तंजावरी मराठी जुन्या दरबारी पत्रातून उठून आल्यासारखं, मधेच तमिळ हेल काढणारं. पहिले काही दिवस मला ते नीट कळायचं नाही, 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ हेसुद्धा विचारावं लागलं. पण आठ दिवसांत मीच कॉफीला 'कापी' म्हणायला लागलो.

त्यांची खरी नोकरी मात्र वर्षातून एकच दिवस असायची. ते परीक्षेचे पेशंट होते. डॉक्टरकीच्या परीक्षेत उमेदवारापुढे जिवंत रोगी ठेवतात, तो तपासून रोग ओळखायचा. ज्याचा रोग ठसठशीत तो पेशंट कॉलेजला फार मोलाचा. रघोत्तमरावांचं हृदय इतकं खणखणीत वाजायचं की वीस वर्षं त्यांना न चुकता बोलावणं येत होतं. त्या दिवशी ते रजा काढायचे, न्हाव्याला खोलीवर बोलवायचे, जरीकाठी धोतर आणि उपरणं घालून नवऱ्यामुलासारखे रिक्षातून निघायचे. "इतके डॉक्टर माझ्या छातीवरून पास झाले," म्हणत ते दोन्ही हातांची बोटं परत परत उघडून दाखवायचे. घाबरलेले उमेदवार हळूच त्यांनाच रोग विचारायचे. "काय अन्याय! मी काय गाइड आहें? तोंड उघडलों नाहीं मी."

मी नापास झालेला आहे हे कळल्यावर त्यांनी मला ताब्यात घेतलं. रोज पहाटे पाचाला दारावर थाप पडायची. चटई टाकून ते उताणे झोपायचे आणि मी तपासायचं.

"चुकलें. आधीं नांव विचारा."

"अहो, मला तुमचं नाव माहीत आहे."

"परीक्षकांस ठाऊक नाहीं कीं तुम्हांस ठाऊक आहे. विचारा."

मी नाव विचारायचो. मग हात लावला की ते अंग चोरायचे. "अय्यो, केवढे गार हात! चोळा, चोळा. पेशंट शहारला कीं अर्धे मार्क गेले." आणि मी घाईनं स्टेथोस्कोपची नळी कानात घातली की ती ओढून काढायचे. "मागच्या खेपेस हेंच केलांत ना? सगळे हेंच करतात. नळी मागून. आधीं तळहात ठेवा, डोळे मिटा, आणि थांबा. हात सांगेल तें कान नंतर ऐकतील."

मागच्या खेपेस मी खरंच हेच केलं होतं. घाबरून नळी लावली, स्वतःच्याच काळजाची धडधड ऐकली, आणि रोगी ठणठणीत असल्याचं सांगून मोकळा झालो. रंगूनच्या प्राध्यापकांनी पाच वर्षांत जे शिकवलं नाही ते ह्या विम्याच्या कारकुनानं चटईवर पडून पाच महिन्यांत शिकवलं. आज हे कबूल करताना मला लाज वाटत नाही, फार बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली. दुपारी एक ते चार वाचत बसायचो, त्यात एक दिवस त्यांच्याच रोगाचं पान आलं. भोक जितकं लहान तितका आवाज मोठा, आणि असा माणूस चांगला म्हातारा होऊन मरतो, असं तिथं साफ लिहिलं होतं. तंजावरचा डॉक्टर चुकला होता. पण ज्यानं त्याच्या शब्दावर संसार मांडला नाही, त्याला हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं? मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुकाट्यानं त्यांना त्यांचं नाव विचारलं.

परीक्षेचा दिवस आला. त्यांनाही नेहमीप्रमाणे बोलावणं आलेलं होतं. "मला नेमके तुम्हीच मिळालात तर?" मी विचारलं होतं. "तर तुम्ही कोण, मी कोण," म्हणाले होते. पण सकाळी मी निघालो तेव्हा सात नंबरचं दार बंद होतं, आणि हॉलमध्ये गेलो तर एक खाट रिकामी. तिथली नर्स दुसरीला सांगत होती, "ते राव यंदा येत नाहीत, काल निरोप आला."

वीस वर्षांत न चुकलेला माणूस! त्यांना काही झालं तर नाही? तेवढ्यात माझं नाव पुकारलं. माझा पेशंट बंदरावरचा एक हमाल होता. मी त्याला नाव विचारलं, हात चोळून गरम केले, त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. थरथर लागली, पण रघोत्तमरावांची नव्हे. निराळ्या जागी, निराळ्या चालीची. मग नळी लावली. परीक्षकांनी उलटसुलट विचारलं, मी उत्तरं देत गेलो. संध्याकाळी यादी लागली तीत माझं नाव होतं. ते दोनदा वाचलं आणि रिक्षा करून मॅन्शनवर पळालो.

रघोत्तमराव खाटेवर बसले होते. धडधाकट. गुळगुळीत दाढी, जरीकाठी धोतर, खांद्यावर उपरणं.

"पास?"

"पास. पण तुम्ही का नाही आलात? मी मेल्याहून मेलो होतो तिथं."

"पेशंट चिठ्ठी काढून ठरवतात. मी गेलों असतों आणि तुमच्या हातीं माझी चिठ्ठी आली असती, म्हणजे? जन्मभर तुम्हांस वाटलें असतें, मी नव्हे, रघोत्तमराव पास झाले. सवयीनें कपडे केलों, मग बसून राहिलों."

मी त्यांच्या पाया पडलो. आणि डोळ्यांत पाणी असतानाच, आता लपवणं पाप आहे असं वाटून, पुस्तकातलं ते पान त्यांना सांगून टाकलं.

ते हसले. "मज ठाऊक आहे तें. पहिल्याच परीक्षेंत कळलें. एका पोरानें सगळें बरोबर सांगितलें, तर परीक्षक विचारतात, पुढें ह्याचें काय? पोर म्हणालें, कांहीं नाहीं, भरपूर जगेल. परीक्षक म्हणाले, शाबास. मी तिथंच पडलेला! बत्तीस वर्षांचा होतों. कुंभकोणमची एक मुलगी होती, तिच्या वडिलांस मीच नको म्हणून लिहिलों होतों. तोंवर ती दोन लेंकरांची आई झाली होती." मग म्हणाले, "सवयी जायच्या नाहींत, तंबी. पण दरवर्षीं कोणी तरी तें वाक्य बोलतं. तेवढें ऐकायला जातों मी."

आणि यंदा ते गेले नव्हते.

मी त्यांना आडवं व्हायला सांगितलं. उपरणं बाजूला केलं, नाव विचारलं, हात चोळले, तळहात ठेवला, मग नळी लावली. सगळं रीतसर केलं. मग उठून ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "पेशंटला कसलाही धोका नाही. पेशंट भरपूर जगेल."

त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"जरा मोठ्यानें, डॉक्टर," ते म्हणाले. "परीक्षक लांब बसतात."