बेसा रस्त्यावरच्या सावलीचा भाव

निसर्ग सगळं फुकट देतो, ही त्याची फार जुनी प्रशासकीय चूक आहे. ती सुधारण्यासाठी १९७४ साली नागपुरात 'कोरडवाहू निसर्गलाभ मूल्यमापन कक्ष' उघडण्यात आला. कक्षाला चार खोल्या, सात टेबलं आणि एक पंखा (मंजूर, अजून आलेला नाही) मिळाला.

कक्षातले सहाय्यक अन्वेषक रुपराव यांच्याकडे पहिलंच काम आलं ते बेसा गावाच्या रस्त्यावरच्या कडुलिंबाचं. रस्ता रुंद व्हायचा होता आणि झाड मध्ये येत होतं. नियम सरळ होता. लाकडाचे तीनशे चाळीस रुपये येणार. वर्षभराच्या सावलीची किंमत त्याहून जास्त भरली तर झाड राहील, कमी भरली तर तुटेल. मैलभरात दुसरी सावली नव्हती (विजेचे खांब धरले नाहीत तर). झाडाखाली सिंधूताई वीस वर्षं फुटाणे विकत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माठातलं पाणी पाजत होत्या. रुपराव सायकलवरून उतरले, दोन गिलास पाणी प्यायले आणि हे झाड वाचलंच पाहिजे असं त्यांनी ठरवून टाकलं. अन्वेषकाने मनाशी काही ठरवू नये असा दंडक आहे, पण पाणी फार गार होतं.

'या सावलीसाठी आपण वर्षाला किती रक्कम देण्यास राजी आहात?' हा प्रश्न त्यांनी एकसष्ट जणांना विचारला. (चौदा शेळ्याही बसल्या होत्या, त्यांना अंगठा उठवता येत नसल्याने वगळल्या.)

"टॅक्स लावून राहिले का जी?" देवाजी गाडीवानाने बैल सोडता सोडता विचारलं. इतवारीच्या बाजारात ज्वारी टाकून परतताना तो रोज तिथेच टेकायचा. "झाड देवाचं, सावली देवाची. तुमाले पैसे काहून देऊ?"

बाकीच्यांनीही देवावरच भार टाकला. एकूण मूल्य शून्य भरलं.

रुपरावांचा जीव कासावीस झाला. त्यांनी नियमपुस्तिका पालथी घातली तेव्हा दुसरा तक्ता सापडला : 'सावली गेल्यास आपण किती भरपाई घ्याल?' दुसऱ्या दिवशी तो घेऊन ते पुन्हा झाडाखाली हजर झाले.

या वेळी बेरीज चार लाख अकरा हजार झाली. देवाजीने स्वतःचे पाच हजार आणि बैलांचे वेगळे लावले. लहानू नावाच्या इसमाने चार हजार मागितले. तो तिथे आयुष्यात एकदाच थांबला होता, सायकलची चेन बसवायला.

"काहून गा देवाजी," सिंधूताई म्हणाल्या, "काल तं फुकट म्हने तू?"

"काल हे घेऊन राहिले होते वं बाई. आज देऊन राहिले."

"आणि तुमचे किती लिहू, ताई?" रुपरावांनी विचारलं.

"मले पैसे नाही पायजे. झाड राहू द्या, बस."

तक्त्यात तसा रकाना नव्हता. 'उत्तर अप्राप्त' असं लिहिताना रुपरावांना लाज वाटली. पण झाड वाचलं होतं! तीनशे चाळीस रुपयांच्या लाकडासाठी चार लाख कोण मोजणार? ऑफिसपर्यंत ते सायकलची घंटी वाजवतच गेले.

कक्षप्रमुख चंपतराव हे बुद्धिमान गृहस्थ होते. त्यांनी फाईलवर शेरा मारला : 'भरपाई झाडास नसून लाभार्थ्यांस देय आहे. सबब, प्रथम लाभार्थी कमी करावेत.'

आठ दिवसांत झाडाभोवती काटेरी तार आली, आत स्टुलावर एक चौकीदार आला आणि बाहेर पाटी लागली : 'मौल्यवान सावली. बसण्यास सक्त मनाई.' सिंधूताईंनी बस्तान समोरच्या उन्हात हलवलं. थांबायला कारण उरलं नाही तसे लोक थांबेनासे झाले, आणि फुटाण्यांची टोपली संध्याकाळी भरलेलीच घरी जाऊ लागली. चौकीदार मात्र दिवसेंदिवस टवटवीत दिसू लागला.

वर्षभराने फेरपाहणीला रुपरावांनाच पाठवण्यात आलं. सावलीतले लाभार्थी : निरंक (चौकीदार पगारी असल्याने धरलेला नाही). सिंधूताईंनी नेहमीसारखा गिलास भरून पुढे केला. पाणी कोमट होतं. रुपराव ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, त्यांना स्वतःची भयंकर चीड आली, आणि मग त्यांनी शून्यापुढे सही केली.

झाड तीनशे चाळीसला गेलं. तारेचा खर्च नऊशे आला होता, पण तो वेगळ्या हेडखाली.

रस्ता मात्र झकास झाला. आता तुम्ही त्यावरून स्कूटरने जाता, रुमालाने मान पुसता आणि म्हणता, "सरकारला इथे एखादं झाड लावायला काय झालं होतं?" कक्षाने या भावनेची तत्परतेने दखल घेतली आणि नव्या झाडासाठी किती द्याल, असा तक्ता शहरात घरोघरी पाठवला. तुम्ही भरलेला तक्ता रुपरावांच्या टेबलावर आहे. नाव, पत्ता, सही, सगळं व्यवस्थित. रकमेच्या रकान्यात तेवढं सुवाच्य अक्षरात लिहिलंय : 'शेजाऱ्यांनी किती लिहिलं ते आधी कळवावं.'